जुनी मारुती ८०० घरी दुरुस्त करताना : नवख्यांसाठी कामांचा क्रम

आमच्या घरची १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० दोन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले तेव्हा मी सुरुवात कार्ब्युरेटरपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापासून, केली, कारण इंजिन चालू होत नव्हते आणि तोच सर्वांत मोठा दोष वाटत होता. चार रविवार खर्ची पडल्यावर इंजिन चालू झाले. गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली, आणि तिथे ब्रेकचे पेडल थेट तळाला टेकले. वेग कमी होता आणि हातब्रेक धरत होता, म्हणून कुणाला इजा झाली नाही. मागच्या चाकातला व्हील सिलिंडर (पेडलचा दाब चाकातल्या ब्रेकला देणारा भाग) झिरपून ब्रेक ऑइल जवळजवळ संपले होते, आणि चार रविवारांत मी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण एकदाही उघडले नव्हते.

त्या दिवसापासून मी कामांचा एक क्रम पाळत आलो आहे : आधी ब्रेक, मग वीज, मग पाणी, मग प्लग-पॉइंट आणि पेट्रोल, आणि हौसेचे बदल सर्वांत शेवटी. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने आहे. ते ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या कार्ब्युरेटर मारुतीसाठी लिहिले आहे. पद्मिनी किंवा अन्य जुनी गाडी असेल तरी क्रम हाच राहतो, मापे आणि जागा मात्र बदलतात. उदाहरणार्थ, पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, तर मारुतीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम.

१. पाना हातात घेण्यापूर्वी

गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. वाहनासोबत मिळणारे मालकाचे छोटे पुस्तक वेगळे आणि गॅरेजसाठी छापलेले मॅन्युअल वेगळे. बोल्ट किती आवळायचा, व्हॉल्व्हची फट किती ठेवायची, ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे, कोणत्या चाकापासून सुरू करायचे, या गोष्टी दुसऱ्यात असतात आणि त्या ऐकीव माहितीवर करू नयेत.

एक वही ठेवा. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काय पाहिले, काय मोजले, काय बदलले, हे प्रत्येक वेळी लिहा. दोष जाणवला की तो आपल्या शब्दांत पूर्ण लिहा : ‘गाडी मिसिंग करते’, म्हणजे इंजिन अडखळते, एवढ्यावर थांबू नका, सकाळी थंड असताना करते की गरम झाल्यावर, चढावर करते की सिग्नलला उभी असताना, दिवे लावल्यावर वाढते का, हे लिहिले की अर्धा शोध तिथेच लागतो.

सुटे भाग मिळण्याची चिंता या गाडीच्या बाबतीत कमी आहे. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ ते २०१४ असे तीन दशके चालले आणि ओम्नी व्हॅनलाही हेच ७९६ सीसीचे इंजिन होते, त्यामुळे इंजिनाचे कित्येक भाग दोन्ही गाड्यांना समान आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे बहुतेक सारे मिळते. लेथकाम, ड्रम टर्निंग किंवा हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, पृष्ठभाग सपाट करून घेणे यासाठी आम्ही कोल्हापूरचे उद्यमनगर गाठतो. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या. मॉडेलचे वर्ष सांगून आणलेला भाग चुकीचा निघाल्याचा अनुभव प्रत्येकाला एकदा तरी येतो. ब्रेकचे भाग, बेल्ट आणि बेअरिंग या तीन गोष्टी भंगारातून कधीही घेऊ नका; दाराचे हँडल, काच, सीट, बंपर तिथून घ्यायला हरकत नाही.

२. लागणारी अवजारे

सुरुवातीला एवढे पुरते :

- ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने आणि फिक्स पाने, तसेच गोटी पान्यांचा संच
- २१ मिलिमीटरचा प्लग पाना
- टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना
- फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पट्ट्या
- मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचे यंत्र
- जॅक, दोन जॅक स्टँड आणि चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे
- ब्लीडिंगसाठी पारदर्शक नळी आणि काचेची बाटली
- वायर ब्रश, गंज सोडवणारे स्प्रे, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक

टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर या दोन गोष्टी नवखे लोक टाळतात, आणि नुकसान नेमके तिथेच होते. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. त्यात लोखंडी बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला तर आटे निघून येतात आणि मग दोनशे रुपयांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. फिक्स पाना शेवटचा उपाय म्हणून वापरा, कारण जुन्या बोल्टची डोकी तो गोल करतो. आधी सहा कोनी गोटी लावा, नसेल तर रिंग.

३. गाडी उचलणे

जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. पावसाळ्यात अंगणातल्या मातीवर गाडी उचलू नका. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना ठोकळे लावा, चाकाचे चारही नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा. गाडी वर गेली की स्टँड लावून वजन स्टँडवर उतरवा. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा एकावर एक रचलेल्या फळ्या यांचा आधार घेऊ नका; वीट कोणतीही सूचना न देता फुटते. आत शिरण्यापूर्वी उभे राहून गाडी बाजूने जोरात ढकलून पाहा. ती हलली तर आत जाऊ नका.

एक गोष्ट कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांसाठी विशेष. दाराखालचा पत्रा, ज्याच्या आधारावर गाडी उचलली जाते, तो बाहेरून रंगाने छान दिसतो आणि आतून गंजलेला असतो. जॅक लावण्यापूर्वी तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा रंगाखाली पोपडा दबला तर आधी ते वेल्डिंगचे काम करून घ्या.

४. ब्रेक

या टप्प्याला दोन पूर्ण दिवस द्या. घाई करायची नाही आणि दुसरे कोणतेही काम मध्ये घ्यायचे नाही.

ब्रेकच्या टाकीपासून सुरुवात करा. तिच्यातल्या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे; त्यात इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल थोडेसुद्धा गेले तर सगळ्या रबरी सीलना फुगवटा येतो आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर दाब निर्माण करणारा मुख्य सिलिंडर) चाकांपर्यंतचे प्रत्येक रबर बदलावे लागते. टाकीवर छापलेला दर्जा पाहा, मारुतीसाठी तो डॉट ३ आहे, आणि नेहमी सीलबंद बाटलीच उघडा. हा द्रव हवेतले बाष्प शोषतो, म्हणून अर्धी उरलेली जुनी बाटली वापरण्यात काटकसर नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.

मग मागचे ड्रम उघडा. हातब्रेक सोडलेला हवा. मागच्या ड्रममध्ये चाकाचे बेअरिंगही असते, त्यामुळे मधली टोपी आणि नट काढल्यावर ते कचऱ्यात पडणार नाही याची काळजी घ्या. जोडताना स्प्लिट पिन असेल तर नवी घाला; ठेचून अडकवण्याचा नट असेल तर नट नवा घ्या. ड्रममधली काळी धूळ फुंकू नका आणि कंप्रेसरची हवाही मारू नका. जुन्या शूच्या, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांच्या, अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओले करून ती पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

आता व्हील सिलिंडरकडे नीट पाहा. त्याच्या दोन्ही टोकांना छोट्या रबरी टोप्या असतात. बाहेरून त्या कोरड्या दिसतील. अंगठ्याच्या नखाने टोपीची कड हळूच उचला. माझ्या गाडीत डाव्या बाजूला ती उचलताच आतून तपकिरी, दुधी कडा असलेला थेंब घरंगळून शूवर आला. बाहेरच्या धुळीने सगळे झाकलेले होते. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, आणि एकाच बाजूचा न बदलता दोन्ही बाजूंचे बदला. ब्रेक ऑइल प्यायलेले शू धुऊन पुन्हा बसवता येत नाहीत. एका वेळी एकाच बाजूचे स्प्रिंग सोडा, म्हणजे जोडताना दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. मोबाइलवर फोटो काढलेले असले तरी हा नियम पाळा, कारण फोटोत स्प्रिंग शूच्या पुढून जाते की मागून, हे ऐन वेळी कळत नाही.

पुढच्या पॅडवर २-३ मिलिमीटर अस्तर उरले असेल तर ते बदलण्याची वेळ झाली आहे. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. त्यांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचे साधे ग्रीस लावू नका. रबरी होज दोन बोटांत वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडत असतील तर तो पाइप बाद झाला. लोखंडी पाइप मागच्या ॲक्सलपर्यंत हात फिरवून तपासा. क्लिपखाली, जिथे चिखल अडकतो, तिथेच ते सडतात.

ब्लीडिंगला दोन माणसे लागतात. पारदर्शक नळी चाकामागच्या निप्पलवर (हवा सोडण्याच्या छोट्या स्क्रूवर) चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवा. आतल्या व्यक्तीने पेडल दाबून ‘दाबलंय’ असे मोठ्याने सांगायचे, मग तुम्ही निप्पल सोडायचे, नळीतून बुडबुडे गेले की निप्पल बंद करायचे, आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचे. टाकीतली पातळी दर चार-पाच वेळा पाहा. ती एकदा रिकामी झाली की सारे पहिल्यापासून. इथे एक सापळा आहे, जो मला फार उशिरा कळला. वर्षानुवर्षे पेडल अर्धेच दाबले गेल्यामुळे मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागात गंज धरलेला असतो, आणि ब्लीडिंग करताना पेडल तळापर्यंत दाबले की आतले रबर त्या खडबडीत भागावरून घासून फाटते. म्हणून पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवून त्याचा प्रवास अडवा.

शेवटी पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये आहे. त्यानंतर मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, दहा वेळा ब्रेक लावून पाहा. ब्रेकचे काम आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर रस्त्यावर नेण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिकला पैसे देऊन ते तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही; मीही घेतले.

टायर याच दिवशी पाहा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात छापलेले चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ सालातला २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांचे रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. १२ इंची टायर आता कमी खपतात, म्हणून दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या टायरचेही हे आकडे वाचा.

५. वीज

वायरिंगवर काम करताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची आणि शेवटी जोडायची. हा क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर पाना तिथेच चिकटून लाल होतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे. हे दोन आकडे न पाहता बॅटरी बदलू नका. आमच्या गाडीची सकाळी सेल्फ मारताना ‘घर्र... घर्र...’ अशी दमलेली हाक यायची. एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ खोलून ब्रश बदलले, आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. अखेर मी पुढची चाचणी केली, जी कुणालाही पाच मिनिटांत करता येते.

कॉइलची जाड तार डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातून) काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, टर्मिनलवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.३ व्होल्टच्या आत काही दिसले तर ठीक. आमच्या गाडीत १.८ दिसले. याचा अर्थ परतीच्या वाटेवर, बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये, जवळजवळ दोन व्होल्ट वाया जात होते. गिअरबॉक्सवर जिथे अर्थिंगची पट्टी बोल्टने बसते तिथे पट्टीखाली हिरवट बुरशी आणि गंज यांचा पापुद्रा होता. तो घासून, नवी पट्टी बसवून, वर पेट्रोलियम जेली लावली. तीच बॅटरी, तोच सेल्फ. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या झटक्यात इंजिन चालू झाले.

हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूलाही करा. फ्यूज उडत असेल तर मोठ्या ॲम्पिअरचा फ्यूज घालू नका आणि चांदीचा कागद तर मुळीच गुंडाळू नका. फ्यूज जळत नाही म्हटल्यावर वायरिंग जळते. आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टिमसाठी किंवा हॉर्नसाठी दोन तारा पिळून टेप गुंडाळलेले जोड शोधा, आणि ते कापून योग्य कनेक्टर लावा. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या ताराही असतात, बहुधा डॅशबोर्डखाली.

६. पाणी

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी चेहरा भाजून घेतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

थंड असताना झाकण उघडून पाण्याचा रंग पाहा. तांबूस गढूळ असेल तर आतून गंज सुटतो आहे. ते पाणी काढून टाका, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळून भरा. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

या टप्प्यावर मिळणारा सर्वांत प्रचलित चुकीचा सल्ला असा : ‘गाडी गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका.’ थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी जाऊ देणारी झडप, बिघडून बंद अवस्थेत अडकला असेल तर तो बदलायचा असतो, काढून टाकायचा नसतो. तो नसला तर इंजिनाला योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, तोवर चोक ओढलेल्या गाडीसारखे पेट्रोल जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. तपासणी घरच्या पातेल्यात होते. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. ८० अंशांच्या थोडे पुढे तो उघडू लागला पाहिजे. थंड पाण्यातच उघडा दिसला किंवा उकळीलाही बंद राहिला तर नवा घ्या, सोबत पॅकिंगही.

रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. इंजिन गरम होऊनही पंखा फिरत नसेल तर पंख्याच्या स्विचच्या दोन तारा क्षणभर एकत्र जोडून पाहा : पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, तार किंवा मोटर. पाणी कमी होते आहे पण जमिनीवर थेंब नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, यांपैकी काही दिसले तर हेड पॅकिंगचा संशय घ्या आणि गाडी चालवणे तिथेच थांबवा. हेड उतरवणे हे नवख्याचे पहिल्या वर्षाचे काम नाही. टायमिंग बेल्टही तसाच. तो शेवटचा केव्हा बदलला हे कागदावर सापडत नसेल तर बदललेला नाही असे समजा आणि मेकॅनिककडून, स्वतः शेजारी उभे राहून, बदलून घ्या.

७. प्लग, पॉइंट आणि पेट्रोल

कार्ब्युरेटरला हात लावायची वेळ आता येते, पण तीही शेवटी. आधी तीनही प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा, हे लक्षात ठेवून ओळीने मांडा. करडा-तपकिरी रंग म्हणजे ज्वलन नीट. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे. तीनपैकी एकच वेगळा दिसत असेल तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नका, कारण तो तिन्ही सिलिंडरना सामाईक आहे. त्या एका सिलिंडरची तार, प्लग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा.

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. बसवताना पहिले आटे नुसत्या बोटांनी फिरवा. वायसर टेकेपर्यंत हाताने, आणि नवा प्लग असेल तर त्यानंतर पान्याने अर्धा फेरा, एवढेच. तारा एकेक करून काढा आणि लावा. अदलाबदल झालीच तर या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंटचे, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचे, तोंड पाहा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आले असेल तर घासत बसण्यापेक्षा पॉइंट आणि कॉन्डेन्सर दोन्ही नवे बसवा, फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा, आणि त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुन्हा लावून घ्या, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते.

पेट्रोलच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पंपावर आता सर्रास २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि आपली गाडी बनली तेव्हा हा विचार नव्हता. इथेनॉलमुळे जुने रबर कडक होते किंवा फुगते, टाकीच्या तळाशी पाणी साठू शकते, आणि वर्षानुवर्षे चिकटलेली घाण सुटून फिल्टरमध्ये येते. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप एकदाच बदलून टाका. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेला माल मागा. साध्या काळ्या पाइपपेक्षा तो महाग असतो, पण इंजिनाच्या गरम भागावर पेट्रोल टपकण्याचा धोका लक्षात घेता ही बचतीची जागा नाही. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रामही याच वेळी पाहा. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

दोन-दोन वर्षे उभ्या गाडीतले पेट्रोल उघड्यावर, बॅटरीची तार काढून, धातूच्या डब्यात काढून घ्या. फिल्टर नवा घाला आणि पहिल्या २०० किलोमीटरनंतर पुन्हा बदला.

यानंतरही आयडलिंग नीट नसेल तर कार्ब्युरेटर. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच बंद होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून वहीत लिहा. जेटमधून, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या बारीक छिद्रातून, तार किंवा सुई घालू नका. भोकाचे माप बदलले की जेट वाया गेला. कार्ब क्लीनर आणि हवा पुरेशी असते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण एका छिद्रात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतो. काम झाले की पीयूसी केंद्रात जा आणि पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाचा. बीएस-२ (भारत स्टेज २ हे प्रदूषणाचे मानक) पूर्वीच्या पेट्रोल मोटारींसाठी मर्यादा ३ टक्के आहे. तुमचा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर गाडी पास झाली तरी मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे. इतक्या थोड्या पैशांत मिळणारी ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि बहुतेक लोक ती पावती न वाचताच डॅशबोर्डमध्ये ठेवतात.

८. बदल करायचे तर कोणते

मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. वेगळे इंजिन, छप्पर कापणे, चासी बदलणे यांचा विचार सोडून द्या. रंग बदलायचा असेल किंवा सीएनजी किट लावायचे असेल तर आरटीओच्या नोंदीसह करा आणि विमा कंपनीला कळवा. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणे आणि सायलेन्सर पोकळ करणे यांनी गाडी बिघडते, हे मी ठामपणे सांगतो.

ज्या बदलाने मूळ भागाला धक्का लागत नाही आणि जो उद्या काढून टाकता येतो तोच करावा. माझ्या मते या गाडीसाठी सर्वांत मोलाचा बदल हेडलाइटच्या रिलेचा, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. मूळ रचनेत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. माझ्या गाडीत बल्बपाशी १०.९ व्होल्ट मिळत होते, तर बॅटरीवर १३.८ होते. बॅटरीपासून फ्यूज घालून वेगळी तार आणली, जुन्या तारेने नुसता रिले चालवला, आणि बल्बपाशी १३.३ व्होल्ट आले. बल्ब तेच ६०/५५ वॉटचे. मोठ्या वॉटचे बल्ब जुन्या वायरिंगवर लावले तर होल्डर वितळतो, आणि हॅलोजनच्या परावर्तकात घातलेला एलईडी समोरच्याचे डोळे दिपवतो.

९. कागदपत्रे

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करायचा. शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. सोबत न्यायचे :

- मूळ नोंदणी प्रमाणपत्र
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- महाराष्ट्रातील पर्यावरण कर भरल्याची पावती
- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा

चासी क्रमांक गंजाने किंवा रंगाने झाकलेला असेल तर तपासणीच्या दिवशी तिथे घासत बसण्याची वेळ येते. तो आधीच हलक्या हाताने स्वच्छ करून ठेवा, ग्राइंडर मात्र लावू नका. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. तपासणीला नेताना इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, हातब्रेक आणि सीट बेल्ट घरीच एकेक करून पाहून घ्या.

१०. पहिले ३०० किलोमीटर

पहिल्या आठवड्यात घरापासून १० किलोमीटरच्या आतच फिरा आणि पाने, पाण्याची बाटली, फ्यूज व टॉर्च सोबत ठेवा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. रोज सकाळी गाडीखाली पसरलेला जुना पुठ्ठा पाहा : हिरवट डाग कूलंटचा, काळा इंजिन ऑइलचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर पातळ ओल दिसली तर ती ब्रेकची. ३०० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, कारण उभ्या गाडीत साचलेली घाण तोवर तेलात आलेली असते. सुमारे ३ लिटर लागते, शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक पाहत पाहत ओता. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून एखाद्या गॅरेजला द्या, आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहा.